व्याह्यांचं रीळ

तीळ पाहिलाय ना तुम्ही? साधा पांढरा तीळ, गोल कडीसारख्या पावावर लावतात तो. त्याला बारीक आटे पाडा, वर डोकं बसवा, डोक्यावर एक फुली मारा. झाला मासेमारीच्या रिळाचा स्क्रू. आता तो माझ्या बोटांत द्या. माझी बोटं म्हणजे भात भरून वळलेली कोबीची पानं. बायको कोबी करते तेव्हा मी ताटात हात घातला की पाहुणे बिचकतात, यातलं नेमकं उचलायचं काय म्हणून.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीतच काय, अलेक्झांड्रियाच्या सगळ्या अन्फूशी वस्तीत लोक अजून म्हणतात की शौकीनं, म्हणजे मी, ते सगळं मुद्दाम केलं. अहो, मुद्दाम करायला अंगात कला लागते. ती माझ्या अंगात नाही हे मला भर दिवाणखान्यात साक्षीदार उभे करून सिद्ध करावं लागलं. माझ्याच घरात. वर साक्षीदारांना चहा मी पाजला.

झालं असं की माझी मुलगी नशवा हिचं हाझेम नावाच्या मुलाशी जुळत आलं होतं. मुलगा चांगला. प्रश्न मुलाचा नव्हता, मुलाच्या बापाचा होता. कॅप्टन वगदी. आख्खी नोकरी बंदरातली मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर गेलेली. आवाज भोंग्यासारखा, आणि मिशी अशी, की बंदरात दोरखंड कमी पडला तर तिनंच जहाज धक्क्याला बांधता येईल. ती मिशी ते बोलताना एका बाजूनं उचलायचे, मग दुसऱ्या बाजूनं. मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. मला मिशी नाही. ठेवली होती एकदा, पण साहेब म्हणाले, हे काय लागलंय ओठाला, पूस.

आता थट्टा हा माझा जुना आजार आहे. कॉफीच्या दुकानात जमिनीला नाणं ठोकून ठेवणारा तो मीच. कचेरीत बढती मिळालेल्या माणसाच्या खुर्चीचे पाय रोज थोडेथोडे कापणारा तोही मीच. बिचारा डॉक्टरकडे जाऊन आला, मी खुजा होत चाललोय म्हणून. तर कॅप्टन पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी पिस्त्यांची रिकामी टरफलं डिंकानं परत जोडून वाडगा भरून पुढे ठेवला. कॅप्टननी एक पिस्ता नखानं उघडून पाहिला. उघडेना. दाढेखाली फोडला. आत बघितलं. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. अतिशय शांतपणे, अतिशय चिकाटीनं, जवळजवळ अर्धा वाडगा फोडला माणसानं. मी हसलो. मी एकटाच हसलो.

कॅप्टननी मिशी पुसली आणि म्हणाले, "उस्ताद शौकी, तुमच्या घरात माणसाला खरं काय न् खोटं काय, हे कळतं कसं?"

पाहुणे गेल्यावर माझी बायको इन्शिराह कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता एक जरी थट्टा केलीस आणि हे मोडलं," ती म्हणाली, "तर मी दमनहूरला आईकडे गेले म्हणून समज. शिंकायचं झालं तरी खरं शिंकायचं."

म्हणून कॅप्टन दुसऱ्यांदा आले तेव्हा मी असा गंभीर बसलो, की त्यांनी विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. बोलायला विषय नाही. थट्टा बंद केलेल्या माणसाकडे बोलायला उरतं काय? शेवटी तेच बोलले. परवाच्या वादळात धक्क्यावर बसले होते, त्यांच्या रिळात वाळू गेली, मूठ फिरवली की जात्यासारखं घरघरतं. नेहमीचा दुरुस्तीवाला मुलीच्या बाळंतपणाला तान्ताला गेलेला. आणि शुक्रवारी तर आमच्याकडे फातिहा वाचायची, म्हणजे दोन्ही घरांनी शब्द द्यायचा. "आमच्यात," कॅप्टन म्हणाले, "त्या दिवशी मुलाच्या बापानं स्वतः धरलेला मासा सुनेच्या घरी न्यायचा असतो. माझ्या बापानं नेला, त्याच्या बापानं नेला. बाजारातला मासा नेला तर त्याचा अर्थ होतो, मुलगी आम्हाला अशीच रस्त्यात मिळाली."

आणि मी म्हणालो, "रीळ ना? द्या की इकडे. माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

का म्हणालो? मला विचारू नका. जन्मात कधी गळ टाकला नाही. अलेक्झांड्रियात जन्मून मासा मी ताटातच पाहिलाय. पण हे ऐकल्यावर कॅप्टनच्या डोळ्यांत जे आलं ना, ते त्याआधी माझ्याकडे बघताना कधी आलं नव्हतं. माणूस अशा नजरेसाठी काहीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी ते रीळ घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेलं, नुकत्या जन्मलेल्या बाळासारखं. "निवृत्त झालो तेव्हा माझ्या बोटीवरच्या पोरांनी वर्गणी काढून दिलंय," ते म्हणाले. "मला दुसरं नको. हेच पाहिजे."

मी बाळ घेतलं. इन्शिराहनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

रीळ उघडणं सोपं असतं. ते फसवण्यासाठीच तसं केलेलं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल ओढलं, आणि शिवणयंत्राच्या स्क्रूड्रायव्हरनं, एका ठिकाणी सुरीच्या टोकानं, एक एक स्क्रू काढत गेलो. आतून जे सामान निघालं, ते बघून मला वाटलं हे रीळ नाही, कुणाचं तरी लग्नघर आहे. चाकं, स्प्रिंगा, चकत्या, चकत्यांखाली चकत्या. रॉकेलनं सगळं धुतलं, वाळू काढली. हे काम मी उत्तम केलं, हे कुणीच लक्षात घेत नाही. मग बंद करायची वेळ आली.

स्क्रू बोटात धरला की भोक दिसत नाही, कारण मध्ये बोट येतं. बोट काढलं की स्क्रू पडतो. चिमट्यात धरला तर चिमटा त्याला थुंकून टाकतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर उभा केला तर श्वास सोडला की गेला. मी श्वास न सोडता करून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे आले आणि स्क्रू तरीही गेला.

आमच्या इमारतीच्या मधोमध उजेडासाठी एक उभी मोकळी जागा सोडलेली आहे, विहिरीसारखी. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिच्यात उघडतात. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय हे सगळ्यांना कळतं, आणि कुणाचं काय शिजत नाहीये हेसुद्धा. वरच्या मजल्यावरचे बयूमी सर खिडकीतून ओणवे झाले. पदार्थविज्ञानाचे निवृत्त मास्तर आणि आमच्या इमारतीच्या संघाचे अध्यक्ष.

"शौकी, बराच वेळ बघतोय मी. चुंबक वापर. स्क्रूड्रायव्हर चुंबकावर घास, स्क्रू आपोआप चिकटेल. मी सातवीच्या पोरांना शिकवायचो हे."

फ्रिजवरचा पिरॅमिडच्या आकाराचा चुंबक काढला, घासला. स्क्रू त्याच्याकडे ढुंकून बघेना.

"मग तो स्टेनलेसचा असणार," बयूमी सर वरून म्हणाले. "त्याला चुंबक धरत नाही."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत."

"तू आधी नाही विचारलंस. बरं, आता ऐक. स्क्रू भोकावर सरळ उभा कर आणि आधी उलटा फिरव. घाई करायची नाही. उलटा फिरवताना टक असं वाजेल. म्हणजे आट्याला आटा सापडला. मग सुलटा फिरव. सुरुवातीलाच सुलटा दामटलास तर तिरका बसतो आणि आटे जातात."

हा सल्ला खरा होता, हे मी आज मान्य करतो. मी रीळ उजेडात नेलं, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर. स्क्रू उभा केला. श्वास धरला. उलटा फिरवला. टक.

"वाजलं," मी म्हणालो.

मग पुन्हा टक वाजलं. मग खालच्या पाइपावर ठण. मग आणखी खाली, टिण. मग काहीच नाही.

"सर," मी म्हणालो, "तो आटा नव्हता."

तळमजल्याला मॅडम तहानी राहतात. त्या विहिरीचा तळ म्हणजे त्यांचं मागचं अंगण, पण संघाच्या नियमाप्रमाणे ती जागा सगळ्यांची, दार कुलूपबंद आणि किल्ली अध्यक्षांकडे. मी वर किल्ली मागायला गेलो. बयूमी सर म्हणाले, किल्ली द्यायला हरकत नाही, पण अर्ज दे, त्यावर सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या आण, कारण मागच्या वेळी कुणीतरी आत जाऊन पाण्याचा नळ पळवला होता. मी म्हटलं, सर, तुम्ही मला स्क्रू पडताना पाहिलंय. ते म्हणाले, मी शेजारी म्हणून पाहिलंय, अध्यक्ष म्हणून मला अजून काही कळलेलं नाही.

म्हणून मी खाली तहानीबाईंचं दार वाजवलं. बाईंनी दार नाकापुरतं उघडलं.

"मॅडम, तुमच्या बाजूनं विहिरीत जाता येईल का?"

"माझ्या बाजूनं कुठे दार आहे?" बाई म्हणाल्या. मागून क्वॅक असा आवाज आला.

"ते काय?"

"नवरा. सर्दी झालीय."

संघाच्या नियमात कोंबड्या-बदकं पाळायला बंदी आहे. मी शपथ घेतली की मला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, मला फक्त तिळाएवढा स्क्रू हवाय. बाई जरा विरघळल्या. दार आणखी बोटभर उघडून हळूच म्हणाल्या, "चकचकीत होतं का ते? मग गेलं. माझ्याकडे नसलेली जी बदकं आहेत ना, त्यांतल्या मोठ्यानं खाल्लं."

मी दारातूनच बदकाला दोन हाका मारून पाहिल्या. पण बदकाला जाब कोण विचारणार? बंदराकडच्या सामानवाल्या दुकानात गेलो. दुकानदारानं रिळाचं नाव विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, सुटा स्क्रू येत नाही, नवं रीळ येतं. मी परत आलो, चष्मा काढून डोकं धरून बसलो, आणि माझं लक्ष चष्म्याच्या काडीकडे गेलं. काडीच्या सांध्यात एक स्क्रू. हुबेहूब तसाच. जरा बारीक.

काढला. तेव्हापासून माझ्या चष्म्याची डावी काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली आहे.

चष्म्याचा स्क्रू रिळाच्या भोकात असा जायचा, जसं लहान मूल बापाच्या बुटात. उभा राहीना. आणि तेव्हाच शेगडीवर इन्शिराह साखर आणि लिंबू आटवत होती. बायका हातापायांची लव काढायला करतात तो चिकट गोळा. शुक्रवारसाठी मायलेकींची तयारी चालली होती. गोळा बशीत ठेवून ती फोन घ्यायला गेली. मी त्या गोळ्याकडे पाहिलं. गोळ्यानंही माझ्याकडे पाहिलं.

स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला मोहरीएवढा लावला, टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, आणि काय सांगू. स्क्रू असा चिकटला, की रीळ उलटं धरलं, हलवलं, तरी हलेना. सरळ भोकात गेला. इथे थांबलो असतो तर आज मी शहाणा माणूस म्हणून ओळखला गेलो असतो. पण तो बारीक स्क्रू भोकात डुगडुगत होता, म्हणून मी भोकच गोळ्यानं भरलं. मग वाटलं, बाकीच्या स्क्रूंवर अन्याय कशाला. मग एक चकती जागेवर राहीना, तिला लावला. एक स्प्रिंग उडी मारायला बघत होती, तिला बसवलं. जे जे हलत होतं ते ते चिकटवलं. आणि उरलेला गोळा पुन्हा गोल वळून बशीत ठेवला, कुणाला कळू नये म्हणून.

शेगडीच्या उबेत मूठ फिरवून पाहिली. लोणी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बयूमी सरांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, उलटं फिरवल्यावर कसं बसलं."

शुक्रवारी सकाळी कॅप्टननी मला धक्क्यावर बोलावलं. वादळ सरलेलं, समुद्र अजून गढूळ, वारा असा थंड की कानाचे तुकडे पडतील. अशा दिवशी कारूस मासा किनाऱ्याजवळ येतो म्हणे. सगळी मासेमार मंडळी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर रांगेनं बसलेली. कॅप्टननी कोटाच्या आतून रीळ काढलं, काठीला लावलं, मूठ फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"उस्ताद शौकी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा मला अजून जड वाटतो.

गळ टाकला. बसलो. हाझेम चहा घेऊन आला. वारा वाहत होता. आणि मित्रहो, साखर-लिंबाचा गोळा उबेत लोणी असतो, पण वाऱ्यात त्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. बयूमी सरांनी सातवीच्या पोरांना शिकवलं असेल.

काठी वाकली. नुसती वाकली नाही, पाण्यात डोकं घालायला निघाली. सगळे उभे राहिले. "कारूस, कारूस आहे, मोठा आहे, सावकाश कॅप्टन." कॅप्टननी मूठ धरली आणि फिरवली. फिरेना. जोर लावला. आतून काड असा आवाज आला, खडीसाखर दाताखाली फोडल्यासारखा, आणि मूठ जागच्या जागी थिजली. दोर सुटेना, गुंडाळेना. मासा एकदा पाण्यावर आला, चांदीच्या परातीसारखा, सगळ्यांना दिसला, आणि दोर तुटला. कॅप्टन मागच्या मागे ओल्या ठोकळ्यावर बसले.

कॅप्टननी रीळ नाकाशी नेलं. मग फटीतून बाहेर आलेला पिवळसर थेंब बोटावर घेतला, बोट जिभेला लावलं.

"साखर आहे," ते म्हणाले. "लिंबू पण आहे."

मागून कुणीतरी खिदळलं. "शौकीभाई, पिस्त्यांनंतर आता सरबत काय?" म्हणजे पिस्त्यांची बातमी धक्क्यापर्यंत पोचली होती.

"कॅप्टन, वल्लाही, देवाशपथ, मी मुद्दाम..."

"बोलू नका," कॅप्टन म्हणाले. आवाज भोंग्यासारखा नव्हता. म्हणूनच भीती वाटली. "माझ्या पोरांनी दिलेलं रीळ, माझ्या सुनेचा मासा. थट्टेला माणसानं कुठंतरी थांबावं. संध्याकाळी यायचं की नाही, ते मी बघतो."

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. इन्शिराह बशीतल्या गोळ्याकडे बघत होती. "तरी म्हटलं, निम्मा कसा झाला," एवढंच म्हणाली. नशवा खोलीतून बाहेर आली. रडली नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाबा, मुद्दाम केलंत?"

"नाही गं."

"मग त्यांना सांगा, तुम्हाला येत नव्हतं."

हे ऐकायला केवढंसं वाटतं. पण माझं अवघड समजून घ्या. बदमाश म्हणवून घ्यायची मला सवय आहे, त्यात एक रुबाब असतो, कॉफीवाला हसून जास्तीची साखर टाकतो. पण बावळट? आख्ख्या गल्लीसमोर? आपण होऊन?

"साक्षीदार आणा," नशवा म्हणाली. "तुमच्या एकट्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास आहे?" आणि आत गेली.

संध्याकाळी हाझेमनं हातापाया पडून बापाला आणलं. कॅप्टन दिवाणखान्यात कोट न काढता बसले. मांडीवर टॉवेलात रीळ. हातात मासा नाही. "मी फक्त ऐकायला आलोय," ते म्हणाले.

बयूमी सर उठले, गळा साफ केला. "कॅप्टन, मी जन्मभर शिकवलंय. ढ मुलं पाहिली, अति ढ पाहिली. पण स्क्रू उलटा फिरव म्हटल्यावर खिडकीबाहेर फिरवणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहिला. हा माणूस ठरवून काही बिघडवू शकत नाही. ठरवून बिघडवायला ती वस्तू कशी चालते ते माहीत असावं लागतं."

"हो," मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस. दुसरं म्हणजे, स्टेनलेसवर चुंबक चालत नाही हे याला माहीत नव्हतं."

तुम्हालाही नव्हतं, असं मला म्हणायचं होतं. पण ते माझ्या बाजूचे साक्षीदार होते.

तहानीबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बदकं नव्हती. पण दुपारी हे अध्यक्ष तपासणीला येणार कळलं, म्हणून त्यातलं मोठं मी इन्शिराहला दिलं. त्यानंच याचा स्क्रू गिळलेला. हा माणूस माझ्या दारात उभा राहून बदकाला हाक मारत होता, कॅप्टन. असा माणूस कट करतो होय?"

मग स्वयंपाकघरातून इन्शिराह आली, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढून, हातात बशी. बशीत एक तीळ. "बदक साफ करताना पोटातल्या खड्यांत निघाला," ती म्हणाली. "मासा नव्हता, म्हणून बदक केलंय."

"आणि साखर?" कॅप्टननी विचारलं.

इन्शिराह जमिनीकडे बघायला लागली. मी छताकडे. शेवटी तहानीबाईंना राहवलं नाही. "लव काढायचा गोळा हो. बायकांचा."

कॅप्टनचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणजे सकाळी मी जिभेवर जे..."

"ताजा होता, कॅप्टन," मी घाईनं म्हणालो. "न वापरलेला."

कॅप्टननी खिशातून रुमाल काढून जीभ पुसली.

"बसवून दाखवा," कॅप्टन म्हणाले. रीळ टेबलावर ठेवलं; भोकातला चष्म्याचा स्क्रू सकाळच्या झटक्यातच उडाला होता. "आत्ता. माझ्यासमोर."

मी चष्म्याची दोऱ्याची काडी कानामागे सारली, बशीतला स्क्रू उचलला. पडला. उचलला. पुन्हा पडला, गालिचात. सगळे गुडघ्यांवर येऊन शोधायला लागले, हाझेमला सापडला. पुन्हा पडला. घामानं माझी बोटं भिजली. मला खरंच येत नव्हतं, आणि येत नाही हे सगळ्यांनी नीट पाहावं म्हणून मी मनापासून प्रयत्न करत होतो. असं काम देव कुणाला न देवो.

"नाटक आहे हे," कॅप्टन म्हणाले. "एवढा साधा स्क्रू. लहान पोर बसवील. द्या इकडे."

त्यांनी घेतला. जाडजूड दोर ओढून ओढून त्यांचे पंजे असे झालेत, की त्यात स्क्रू दिसेनासाच झाला. पडला. त्यांनी उचलला. पुन्हा पडला. त्यांनी वर पाहिलं नाही. कपाळावर घाम आला. कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

तेव्हा नशवा सरबताचा ट्रे घेऊन आली. ट्रेवर पेल्यांच्या बाजूला एक छोटी बशी होती, तिच्यात उरलेल्या गोळ्याचा तुकडा. ती ट्रे कॅप्टनपुढे धरून हळूच म्हणाली, "काका, मोहरीएवढा. फक्त टोकाला."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. मग बशीकडे. मग उजव्या तळहातावर तो तुकडा मळला, टोकाला लावला, स्क्रू उचलला. भोकावर उभा केला. उलटा फिरवला. टक. सुलटा फिरवला. बसला.

त्यांनी रीळ उलटं करून हलवून पाहिलं.

"शौकी," ते म्हणाले. उस्ताद गेलं होतं. "तू थट्टा नव्हती केलीस. तू खरंच गाढव आहेस."

"वल्लाही, आहे, कॅप्टन."

"मग हरकत नाही. मला वाटलं होतं तू खोटारडा आहेस. गाढवाच्या घरची मुलगी मी नेईन." त्यांनी कोट काढला. "चला, फातिहा."

सगळ्यांनी तळहात वर उघडले. ओठ हलायला लागले. मी नशवाकडे पाहिलं, ती दाराच्या चौकटीत उभी होती, आणि मला पुढचे शब्द दिसेनासे झाले, चष्म्यामुळे नव्हे. आमीन म्हटलं. आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले.

कॅप्टनचा उजवा हात मिशीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

तहानीबाईंनी आनंदाची लांबलचक लुलुलु सुरू केली होती, ती मध्येच अडकली. इन्शिराह ओरडली, "ओढू नका, ओढू नका, कोमट पाण्यानं सुटतं." पण जन्मभर बोट चालवलेला माणूस तो. अडकलं की ओढायचं, एवढंच त्याला माहीत.

ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. कॅप्टननी तळहात बघितला. तळहातावर मिशीचा बराचसा भाग होता. त्यांनी तो बघितला, आणि मग दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी एकदम, एकाच वेळी, माझ्याकडे बघितलं. बयूमी सरांनी. तहानीबाईंनी. माझ्या बायकोनं. सगळे माझे साक्षीदार.

"वल्लाही," मी म्हणालो, "हे मी नाही."

कॅप्टनचे डोळे भरून आले होते, दुखण्यानं की कशानं कोण जाणे. "आमीन म्हणून झालंय," ते म्हणाले, स्वतःलाच समजावल्यासारखे. "शब्द दिलाय. फातिहा झालीय." आणि डाव्या हातानं सरबत घेतलं.

जाताना त्यांनी रीळ कोटाच्या आत घेतलं. "बाकीचे स्क्रू मी बघतो. तू हात लावायचा नाहीस." मग दारात थांबून नशवाला म्हणाले, "त्या गोळ्याची कृती लिहून दे. फक्त साखर आणि लिंबूच ना?"

लग्न झालं. फोटो भिंतीवर लागलेत. त्यात कॅप्टन एका बाजूनं कॅप्टन आहेत, दुसऱ्या बाजूनं कारकून. आणि त्यांच्या शेजारी मी, प्रत्येक फोटोत खाली मान घातलेला. लोक बोट दाखवून म्हणतात, बघा, हसू दाबतोय. मी लाजेनं खाली बघतोय हो. पण पिस्ते चिकटवणाऱ्या माणसाची लाजसुद्धा कुणी खरी धरत नाही.